विमानांतल्या तारेची साल

अलिबागच्या उत्तरेस थळ नांवाचें गांव आहे. नारळी-पोफळींच्या वाड्या संपून जेथें पुळण सुरू होते, तेथें उभें राहिलें म्हणजे समोर समुद्रांत खांदेरी आणि उंदेरी हे दोन दुर्ग दिसतात. खांदेरीच्या बांधणीस शिवछत्रपतींनीं १६७९ मध्यें हात घातला आणि त्यावरून इंग्रजांशीं झुंज जुंपली, हें आपण शाळेंत वाचलेलें असतें. आज मला त्या झुंजीविषयीं बोलावयाचें नाहीं. या किनाऱ्यावरून रात्रीं वर पाहिलें, तर आकाशांतून जाणाऱ्या विमानांचे दिवे सरकतांना दिसतात. त्या विमानांच्या पोटांत ज्या तारा आहेत त्यांच्याविषयीं, आणि त्याहूनही नेमकें सांगावयाचें तर त्या तारांच्या सालीविषयीं, मी आज बोलणार आहें. ही साल लोक कशाकशाची करीत आले, आणि ती सोलण्याचें काम वाटतें तितकें सोपें कां नाहीं, एवढाच माझा विषय.

विषय क्षुल्लक वाटेल. वायर सोलणें हें काय व्याख्यान देण्याजोगें काम आहे, असें कोणीही म्हणेल. आपल्या घरीं वायरमन येतो, पट्टीच्या धारेनें वायरीभोंवतीं एक फेर धरतो, आणि घाईंत असला तर सरळ दांतांनींच साल ओढून काढतो. आंतल्या चारदोन तंतूंपैकीं एखादा तुटला तरी पंखा फिरतो, दिवा लागतो, आणि आपण त्याला चहा देऊन वाटेस लावतों. घरची वायर भिंतींत निजलेली असते. तिला कोणी हलवीत नाहीं. विमानांतली तार मात्र जन्मभर थरथरत असते. जमिनीवर ती उन्हानें तापते, वर गेली कीं गोठते, आणि उतरतांना तिच्या अंगावर दंव धरतें. घरीं जी चूक वर्षानुवर्षें खपून जाते, तीच तेथें जिवावर बेतते.

वीज आपली वाट सोडून गेली म्हणजे काय होतें, याचा एक धडा थळाच्या शेजारींच आहे. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध घेत असत. शतक संपतां संपतां मुंबईंत घोड्यांच्या ट्रामऐवजीं विजेची ट्राम आणण्याचा बेत ठरूं लागला. ट्रामला वीज मिळते डोक्यावरच्या तारेनें, आणि ती परत जाते रुळांवाटें. रूळ उघडे, त्यांच्यावर कसलीही साल नाहीं. तेव्हां परतीच्या विजेचा कांहीं अंश जमिनींत झिरपतो आणि सोईची वाट शोधीत भटकतो. अशा भटक्या विजेच्या शेजारीं चुंबकसूचीचीं सूक्ष्म मापें घेणें अशक्यच. म्हणून डॉ. नानाभाई मूस हे संचालक असतांना चुंबकीय वेधशाळा अलिबागेस हलविली गेली. १९०४ पासून तेथें वेध घेण्यास आरंभ झाला, आणि मेळ बसावा म्हणून १९०६ पर्यंत कुलाबा व अलिबाग या दोन्ही ठिकाणीं काम चालू ठेवलें. इमारतीला आपला सह्याद्रीचा काळा दगड चालला नाहीं, कारण त्याच्या अंगींच चुंबकत्व असतें. त्याऐवजीं पोरबंदरचा दगड वापरला. १९०७ मध्यें मुंबईच्या रस्त्यांवर विजेची ट्राम धांवूं लागली तेव्हां ही नाजूक सूची खाडीपलीकडे सुखरूप होती.

विमानांतही होकायंत्र असतें. त्याच्याजवळून वीज न्यावयाची तर जाणारी आणि येणारी अशा दोन तारा एकमेकींना पीळ देऊन नेतात, म्हणजे एकीचा चुंबकीय परिणाम दुसरीनें नाहींसा होतो. पीळ दिलेल्या दोन तारा अंगाला अंग लावून असतात. ज्यांची भेट कधींच होऊं द्यावयाची नाहीं अशा दोघींमध्यें उरतें तें केवळ सालीचें अंतर, आणि तें केसाच्या कांहीं पट जाडीचें!

ही साल प्रथम झाडाच्या चिकापासून आली. मलायाच्या जंगलांत एक वृक्ष होतो. त्याच्या चिकाला गटापर्चा म्हणतात. सिंगापुरांतले डॉक्टर माँटगोमरी यांनीं १८४३ च्या सुमारास त्याचे नमुने लंडनला धाडले. तो गरम पाण्यांत मऊ होतो, गार झाला कीं घट्ट बसतो, आणि पाण्यांत बुडवून ठेवला तर रबरापेक्षां अधिक टिकतो. फॅरडे यानें १८४८ मध्यें त्याचा विद्युत्-रोधक गुण जगापुढें मांडला, आणि जर्मनींत सीमेन्स यानें तार त्यांतून सांध्यावांचून ओढून काढण्याचें यंत्र केलें. १८५० मध्यें इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधील खाडींत अशी एक तार टाकली. तिच्यावर गटापर्चाची साल होती, पण लोखंडाचें चिलखत नव्हतें. ती लागलीच मुकी झाली. एका कोळ्याच्या जाळ्यांत ती सांपडली आणि त्यानें हें कांहीं नवल आहे म्हणून तिचा तुकडा कापून नेला, अशी एक आख्यायिका सांगतात. थळच्या कोळीवाड्यांत ही गोष्ट सांगितली तर तेथले लोक त्या फ्रेंच कोळ्याचाच पक्ष घेतील, यांत मला शंका नाहीं.

१८५८ ची अटलांटिक महासागराखालची तार याहून शिकवून जाते. हाताळणींत आणि उष्णतेनें गटापर्चा जागोजाग मऊ पडून आंतलें तांबें एका बाजूस सरकलें होतें. म्हणजे साल एकीकडे जाड आणि दुसरीकडे पातळ. त्यांत व्हाइटहाउस नांवाच्या गृहस्थांनीं संदेश जोरानें जावेत म्हणून विजेचा दाब भलताच वाढविला. पातळ साल फुटली, आणि दोन खंडांना जोडणारी ती तार सुमारें तीन आठवड्यांतच निकामी झाली. तांबें शाबूत होतें; गेली ती साल.

आपल्या मुंबईच्या वांट्याला ही विद्या आली १८७० मध्यें. खांदेरीवरचा दीप १८६७ मध्यें लागला. म्हणजे तो तीन वर्षांचा झाला होता. त्या वर्षाच्या आरंभीं ‘ग्रेट ईस्टर्न’ हें त्या काळचें प्रचंड जहाज मुंबईस आलें आणि फेब्रुवारींत येथून एडनकडे समुद्राच्या तळाशीं तार सोडीत निघालें. उष्ण प्रदेशांत गटापर्चा पाघळूं नये म्हणून त्याची बाहेरची बाजू पांढऱ्या रंगानें रंगविली होती, आणि तारेचीं वेटोळीं पाण्यानें भरलेल्या हौदांत ठेविलेलीं होतीं. तारेचे सांधे करणारे कारागीर त्या काळीं मोठ्या मानाचे. साल काढावयाची तर ती ऊब देऊन, हळूच. आणि पुन्हां चढवावयाची तर बोटें स्वच्छ करून, कारण घामाचा अंश किंवा हवेचा एखादा बुडबुडा सांध्यांत राहिला कीं समुद्राचें पाणी पुढेंमागें तीच जागा हुडकून काढतें. वायर सोलणें ही कला आहे, हें जगाला प्रथम समुद्रानें शिकविलें.

आरंभींच्या विमानांत तारा फारच थोड्या. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जहांगीर रतनजी टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गें जुहूच्या मैदानावर उतरले, तें ‘पस मॉथ’ जातीचें चिमुकलें विमान. त्यांत बिनतारी यंत्रही नव्हतें. अशा विमानांत महत्त्वाची तार म्हणजे इंजिनाला ठिणगी पुरविणारी. तिच्यांत दाब हजारों व्होल्टांचा, म्हणून तिच्यावर रबराची जाड साल आणि वर सुताची विणलेली खोळ. रबराला टणकपणा यावा म्हणून त्यांत गंधक घालतात, आणि गंधक तांब्याला खातें. म्हणून तांब्याच्या तंतूंवर कथलाचा पातळ मुलामा देत. आतां पाहा, ही साल कारागिरानें चाकूनें खरवडून काढली, कीं सालीबरोबर तो मुलामाही गेला, आणि उघड्या तांब्याला शेजारच्या गंधकाची पीडा लागली. त्या दिवशीं तार चालते, आणि वर्षादोनवर्षांनीं दगा देते. सोलण्यांतल्या बहुतेक चुकांचा स्वभाव असाच आहे. त्या करणाऱ्याला दिसत नाहींत.

दुसऱ्या महायुद्धांत विमानांचीं अंगें यंत्रांनीं भरलीं, आणि त्याच सुमारास १९४२ मध्यें मलाया जपान्यांच्या हातीं जाऊन रबर दुर्मिळ झालें. मग रसायनशाळेंत केलेलें पी. व्ही. सी. पुढें सरसावलें. तें स्वस्त, लवचीक आणि सोलावयास सोपें. आपल्या घरांतल्या वायरींवर आजही तेंच आहे. परंतु तें जळूं लागलें म्हणजे त्यांतून दाट धूर आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. बंद विमानांत, डोंगरांहून उंच, हा धूर कोंडला तर उतारूंनीं पळावें कोठें? तेव्हां प्रवासी विमानांतून हळूहळू त्याची उचलबांगडी झाली.

त्याच्या जागीं टेफ्लॉन आलें. हा पदार्थ १९३८ मध्यें रॉय प्लंकेट या अमेरिकी रसायनज्ञाला अचानक सांपडला. तो सहसा जळत नाहीं, आम्लाला दाद देत नाहीं; पण इतका गुळगुळीत, कीं सोलतांना पकडींतून निसटतो, आणि सतत दाबाखालीं राहिला तर हळूहळू बाजूस सरकून तांबें उघडें पाडतो. तापलेल्या चिमट्यानें तो सोलूं गेल्यास त्याच्या वाफेनें कारागिराला थंडीतापासारखा ज्वर भरतो, म्हणून त्या चिमट्यापाशीं वाफ खेंचून घेणारा पंखा ठेवावा लागतो. ‘अपोलो १३’ ची कथा आपणांस ठाऊक आहे. यान निघण्यापूर्वीं जमिनीवर प्राणवायूच्या टाकींतली तापक-यंत्रणा आठ तास चालू ठेविली होती. तिचीं कळसूत्रें २८ व्होल्टांसाठीं बनविलेलीं आणि त्यांना दिले गेले ६५ व्होल्ट. तीं चिकटून बसलीं, टाकी भलतीच तापली, आणि पंख्याच्या तारांवरची टेफ्लॉनची साल भाजून भेगाळली. कोणालाही तें कळलें नाहीं. एप्रिल १९७० मध्यें पृथ्वीपासून तीन लाखांहून अधिक किलोमीटरांवर त्या टाकीचा स्फोट झाला. शुद्ध प्राणवायूंत न जळणारें टेफ्लॉनही जळतें, हें त्या दिवशीं तीन माणसांच्या जिवावर बेतून सिद्ध झालें. तिघेही परत आले, हें आपलें भाग्य.

पुढें ‘कॅप्टन’ नामक सोनेरी पापुद्रा निघाला आणि १९७० नंतर तो विमानांत शिरला. ही कागदाहून पातळ पट्टी तारेवर गुंडाळतात. वजन नगण्य, ताकद मोठी, उष्णतेची तमा नाहीं. विमान बांधणाऱ्याला आणखी काय हवें? पण तिच्यांतही खोट निघाली. तिला चीर पडून ओल शिरली आणि ठिणगी उडाली, कीं जागच्या जागीं तिचा कोळसा होतो. कोळसा हा स्वतः वीजवाहक! म्हणजे वीज अडविण्यासाठीं जी साल घातली तीच विजेला वाट करून देते, आणि ठिणगी तारेवरून तारेवर धांवत जाते. दमट, खाऱ्या हवेंत ही साल लवकर कुजते असें आढळून आल्यामुळें अमेरिकेच्या नौदलानें १९८० नंतरच्या दशकांत तिच्याकडे पाठ फिरविली. ज्यांनीं थळच्या किनाऱ्यावर लोखंडी खिडकीचे गज एका पावसाळ्यांत पोपडे धरतांना पाहिले आहेत, त्यांना खाऱ्या हवेचें हें सामर्थ्य सांगावयास नको.

आतां प्रत्यक्ष सोलण्याकडे वळूं. विमानांतल्या बारीक तारेंत बहुधा १९ तंतु असतात, आणि त्यांवर कथलाचा, चांदीचा किंवा निकेलचा मुलामा असतो. टोंकाशीं साल काढावयाची ती फार तर बोटाच्या पेराच्या एका अंशाइतकी. हत्याराला प्रत्येक जाडीसाठीं वेगळें भोंक असतें; एक भोंक चुकलें, कीं धार सालींतून थेट तांब्यांत उतरते. तंतु तुटला तर तो दिसतो तरी. त्याहून वाईट म्हणजे ओरखडा. ओरखडलेला तंतु हातांत धडधाकट लागतो, कसोटीच्या यंत्रावर पूर्ण वीज वाहतो, आणि विमान उडूं लागलें म्हणजे प्रत्येक थरथरीसरशीं त्याच जागीं वांकत राहतो. खिळा हातानें मोडावयाचा झाल्यास आपण त्याला मागेंपुढें वांकवितों. विमान तेंच काम लाखों वेळां करतें. एक तंतु गेला कीं त्याचा भार उरलेल्यांवर येतो, ते तापतात, आणि सांधा सैल होतो. चांदीच्या मुलाम्यावर ओरखडा पडून ओल लागली तर तांब्यावर लाल गंज चढतो आणि तो सालीखालीं, डोळ्यांआड पसरत जातो. चाकूनें विमानांतली तार सोलूं नये असें कारखान्यांत शिकवितात तें याचसाठीं. तांब्याच्या तारेला जाडीप्रमाणें अगदीं मोजके ओरखडे क्षम्य मानले आहेत. अॅल्युमिनियमच्या तारेला एकही नाहीं.

अवकाशयानाच्या तारा इतक्या बारीक आणि त्यांच्या साली इतक्या चिवट, कीं हत्याराची धार टाळण्यासाठीं १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेनें लेसर किरणांनीं साल कापण्याची युक्ति काढली. किरण सालीला जाळतो आणि चकचकीत तांब्यावरून परावर्तित होतो, म्हणून तांब्याला जखम होत नाहीं. आपल्याकडे नाशिकजवळ ओझर येथें १९६४ मध्यें हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना निघाला; तेथें प्रथम मिग आणि पुढें सुखोई विमानें बांधलीं गेलीं. एका लढाऊ विमानांत तारांचीं जीं हजारों टोंकें असतात त्यांतलें प्रत्येक कोणा तरी कारागिराच्या हाताखालून जातें, आणि वैमानिकाला त्याचें नांवही ठाऊक नसतें.

एवढी दक्षता कशासाठीं, हें दोन अपघातांनीं जगाला पटविलें. एअर इंडियाचें पहिलें ७४७ जातीचें विमान १९७१ मध्यें मुंबईस आलें, तेव्हां तें पाहण्यास लोकांनीं गर्दी केली होती. त्याच वर्षीं त्याच जातीचें एक विमान अमेरिकेंतल्या टी. डब्ल्यू. ए. कंपनीसाठीं बांधलें गेलें. पंचवीस वर्षांनीं, १७ जुलै १९९६ रोजीं, तें न्यूयॉर्कहून निघालें आणि बारा मिनिटांत त्याच्या मधल्या, जवळजवळ रिकाम्या इंधन-टाकीचा स्फोट होऊन २३० माणसें दगावलीं. चार वर्षें चौकशी चालली. टाकींत जी तार जाते ती केवळ इंधनाची पातळी मोजणारी; तिच्यांत वीज इतकी थोडी, कीं तिच्यानें ठिणगी पडूं नये. परंतु टाकीबाहेर ती ज्या जुडग्यांतून जाते त्यांत अधिक दाबाच्या तारा शेजारीं असतात. तेथें कोठें तरी साल निकामी होऊन मोठा दाब या गरीब तारेंत शिरला असावा, हेंच सर्वांत संभवनीय कारण ठरलें. ती नेमकी जागा मात्र सिद्ध करतां आली नाहीं.

मग २ सप्टेंबर १९९८ रोजीं स्विसएअरचें एक विमान कॅनडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रांत कोसळून २२९ जण मृत्युमुखीं पडले. वैमानिकांच्या डोक्यामागें, छताच्या वरच्या पोकळींत, उतारूंच्या करमणुकीच्या यंत्राच्या तारांपाशीं ठिणगी उडाली आणि शेजारच्या अस्तराला आग लागली. घरांत दोन तारा चिकटल्या कीं फ्यूज उडतो. अशा ठिणगीची वीज मात्र क्षणांत येते, क्षणांत थांबते. तेवढ्यानें जुन्या पद्धतीचा बटण-फ्यूज तापत नाहीं आणि उडतही नाहीं. समुद्राच्या तळांतून काढलेल्या तारांचे तुकडे चौकशी करणाऱ्यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं तपासले, आणि वितळून पुन्हां गोठलेल्या तांब्याच्या थेंबावरून आगीची जागा ओळखली. या कामाला साडेचार वर्षें लागलीं. मला या दोन्ही चौकशांत त्या माणसांच्या चिकाटीचें जितकें कौतुक वाटतें, तितकाच मागच्या निष्काळजीपणाचा विषाद वाटतो. कारण विमानाची तार ही एकदां घातली कीं विसरावयाची वस्तु, असाच तोंवर सर्वांचा समज होता. १९९९ च्या जुलैंत ‘कोलंबिया’ अवकाशयान उडाल्यावर पांचव्या सेकंदास त्याच्या एका इंजिनाचा मुख्य आणि दुसऱ्या इंजिनाचा बदली नियंत्रक बंद पडला. एका स्क्रूच्या खरखरीत माथ्यावर तार घासून तिची साल गेली होती. त्या इंजिनांच्या उरलेल्या नियंत्रकांनीं वेळ निभावून नेली, आणि मग साऱ्या यानांच्या तारा तपासल्या गेल्या. २००७ मध्यें अमेरिकेनें नियम केले, कीं विमानांतल्या तारांचें जाळें ही स्वतंत्र यंत्रणा समजून तिची आंखणी आणि तपासणी व्हावी.

टी. डब्ल्यू. ए. च्या अपघातानंतर त्याच वयाचीं दुसरीं विमानें उघडून पाहिलीं, तेव्हां तारांच्या जुडग्यांवर काय काय सांपडलें! भोंकें पाडतांना उडालेला धातूचा कीस, वर्षानुवर्षांची धूळ, मागच्या दुरुस्त्यांचा कचरा. हा कीस थरथरीबरोबर करवतीसारखा सालींत रुतत जातो. म्हणून आज विमानांत सोलकाम करणारा कारागीर कापलेल्या सालीचा आणि तंतूचा प्रत्येक तुकडा डबींत गोळा करतो, हत्यारें मोजून आंत नेतो आणि मोजून बाहेर आणतो. सोललेलें टोंक भिंगाखालीं धरून तो १९ तंतु एक एक करून पाहतो, आणि एकावरही रेघ दिसली तर ती त्याच्या कोष्टकांत बसते कीं नाहीं हें ताडून, बसत नसल्यास टोंक छाटून पुन्हां पहिल्यापासून सुरुवात करतो. म्हणूनच जुडग्यांत तार ओढतांना ती नेहमीं थोडी लांब ठेवतात.